परसातले खांब

२ सप्टेंबर १८७९, बिटर फोर्क

मदर वॉल्बर्गा म्हणाल्या, "पर्पेच्युआ, तुझा राग तोंडावाटे बाहेर पडायच्या आधी कागदावर उतरवत जा. कागद दुखावत नाही." म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी लिहायला एवढं आहे, की मदरना आधीच कुणकुण लागली होती की काय, अशी शंका येते.

सकाळी चादरी वाळत घालायला मागे गेले तर परसात चार नवे खांब. तापाच्या रोग्यांच्या वॉर्डासाठी आम्ही सुतळ्या ताणून पाया आखलाय, नेमके तिथेच. उपड्या बादलीवर एक माणूस तंबाखू चघळत बसला होता.

"हे काय आहे?"

"कुंपण, बाई."

"कुणाचं?"

"माझं. हायरम पॉडमोर म्हणतात मला."

"ही जागा इस्पितळाची आहे. पंचांनी दिलीय. सुतळ्या दिसत नाहीत?"

"दिसतात की. पण सुतळीत कुणी राहत नाही. या घळीत जो घर बांधून राहील त्याची जागा. तुमच्याकडे कागद आहे का कुठला?"

कागद नाही. गेल्या उन्हाळ्यात पंच आले, पावलांनी जागा मोजली, मदरशी हात मिळवला आणि कॉफी पिऊन गेले. कागद नंतर देतो म्हणाले. तेव्हा बिटर फोर्क म्हणजे तंबू आणि चिखल होता, जागेला कुणी विचारत नव्हतं. आता वरच्या डोंगरात चांदी निघालीय आणि लोक एकमेकांच्या जागा ढापतायत.

मी पॉडमोरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते पापनिवेदनासाठी राखून ठेवलंय.

३ सप्टेंबर

खांब उपटले. पहार घालून, एकेक करत. मायदेशी क्लेरमध्ये असताना बापाच्या शेतातले दगड मी असेच काढायचे. खांब फोडून धुणंघराच्या चुलीत घातले. सुकं पाइनचं लाकूड, मस्त जळलं. आज चादरींना अशी उकळी आली की महिनाभरात आली नव्हती.

मदर दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लाकूड कुठून आलं?"

"परसातून."

थोडा वेळ त्या चुलीकडे हात करून शेकत राहिल्या. मग म्हणाल्या, "धग चांगली आहे," आणि गेल्या. मला रागावल्या की नाही, ते कळलं नाही. जर्मन माणसाचं काही कळत नाही.

६ सप्टेंबर

पुन्हा खांब. पुन्हा उपटले, पुन्हा जाळले. पॉडमोर रस्त्यावरून ओरडत होता आणि वरच्या खिडकीतून आमचे रोगी त्याला ओरडत होते. इव्हान प्रॉसर नावाचा एक वेल्श खाणकामगार आहे, खाणीत पाय गेलाय त्याचा. तो ओरडला, "अरे, जरा ओकचे आण ना! पाइनचा धूर फार होतो!"

दुपारी फादर मॅकगॉर्टी आले. मेयोचा माणूस, माझ्याच देशाचा, तरी आवाज असा मऊ की कानाला लोणी लावल्यासारखं वाटतं.

"सिस्टर, धर्मभगिनी कुंपणं उपटत नसतात."

"मग कोण उपटतं, फादर? तुम्ही येता? पहार जड आहे, दोघांनी सोपं जाईल."

"पॉडमोरच्या मागे सलूनवाले, दारूच्या गुत्त्यांचे मालक आहेत. पंचांतले दोघे त्यांचेच. गावाशी वैर घेऊन आपलं कसं चालेल?"

मी त्यांचा हात धरून त्यांना वर नेलं. खाटा भरल्या आहेत. बोळात जमिनीवर गवताच्या गाद्यांवर डोंगरी तापाची माणसं पडलीत, दाराच्या फटीतून वारा थेट त्यांच्या अंगावर. कामावर पाय मोडलेला माणूस आणि तापाने फणफणलेला माणूस एकमेकांना खेटून. म्हटलं, "पहिला बर्फ पडेपर्यंत तापाचा वॉर्ड उभा राहिला नाही, तर यातले किती वसंत बघतील, तुम्हीच सांगा."

फादरांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला. मला सोडून.

९ सप्टेंबर

आज चमत्कार झाला, दुसरा शब्द नाही. काल पॉडमोरने खांबांच्या बुडाशी दगड ठोकून बसवले होते. मी स्वतः बघितलं. तो दात काढून म्हणाला होता, "आता उपट बघू." सकाळी मी बाह्या सरसावून गेले आणि हात लावताच खांब कलंडला! माती भुसभुशीत, दगड बाजूला पडलेले. दुसराही तसाच. चारही.

परवाच मी संत जोसेफचा पुतळा धुणंघराच्या खिडकीत परसाकडे तोंड करून ठेवला होता. शेवटी सुतारच तो. लाकूड कसं बसवायचं आणि कसं काढायचं, त्याला नाही ठाऊक तर कुणाला? क्लॉटिल्डला सांगितलं तर तिचे डोळे एवढे मोठे झाले. क्लॉटिल्ड आमच्यात सगळ्यात लहान, सेंट लुईसच्या चांगल्या घरची, उंदराला भिते, सलूनमधल्या गाण्याला भिते, मलाही भिते. पण तापाच्या माणसाच्या कपाळावर हात ठेवते तेव्हा तो शांत होतो. मला ते जमत नाही.

११ सप्टेंबर

पॉडमोरची बायको आली होती. थिर्झा तिचं नाव. कॉर्नवॉलची, किरकोळ, पंचविशीची असेल. हातांना फोड आलेत म्हणाली. बघितलं तर दोन्ही तळहात सोललेले.

"कशाने झालं?"

"कणीक मळून."

कॉर्निश बायका कणीक एवढी घट्ट मळतात हे मला माहीत नव्हतं. मलम लावलं, पट्टी बांधली. बाही वर केली तेव्हा दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले. ते कशाचे, ते विचारावं लागलं नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिने खिडकीकडे बघितलं.

खिडकीत संत जोसेफ होता. ती म्हणाली, "तुम्ही लोक या बाहुल्यांची पूजा करता म्हणतात."

"पूजा नाही करत. कामाला लावतो." आणि मी तिला खांबांचा चमत्कार सांगितला. नवऱ्याची फजिती बायकोला सांगायला नको होती, पण तोंडाला आवर नाही. ती हसायला लागली. इतकी हसली की कुशीवर हात दाबून खाली बसली. ती पडली मेथडिस्ट पंथाची, त्या लोकांना संतांची किंमत नाही, त्याला काय करायचं.

जाताना दारात थबकली. "सिस्टर, हे आमचं पाचवं गाव. प्रत्येक गावी दुसऱ्याच्याच जमिनीवर चूल मांडायची, आणि लोकांनी हुसकलं की पुढचं गाव. गेल्या गावी माझं बाळ पुरलं. त्याच्यावर आता दारूचं दुकान आहे."

तिला पावाचा तुकडा दिला. तिने घेतला.

१७ सप्टेंबर

मदरवर चिडले आहे. लिहून टाकते. जिना चढताना प्रत्येक टप्प्यावर त्या थांबतात, कठड्याला धरून उभ्या राहतात आणि जपमाळेचे मणी ओढतात. मागे मी गरम पाण्याच्या बादल्या घेऊन उभी! आज म्हणाले, "मदर, वर जाऊन प्रार्थना केली तर चालणार नाही का?" त्या म्हणाल्या, "हो, हो, तू पुढे जा." चेहरा घामाने डबडबलेला. एवढ्या थंडीत.

शिवाय सगळी कामं माझ्यावर ढकलतात. दुकानदाराशी भांडायला मी, डॉक्टरला बोलावणं धाडायला मी, कोण रोगी कुठे ठेवायचा तेही, "पर्पेच्युआला विचारा." मी धुणं करणारी आहे. मला कशाला विचारायचं?

२४ सप्टेंबर

कागद फाटेल इतकी लेखणी दाबतेय.

काल वरच्या खाणीत छत कोसळलं. आम्ही तिघीही वर गेलो, मदर गाडीत बसून, सगळे गेले. मेलेल्यांना बाहेर काढलं, जिवंत होते त्यांना गाडीत घालून आणलं. आज सकाळी दफन झालं. परत आलो तर परसात खोपट उभं. ओंडक्यांच्या भिंती, वर कॅनव्हास आणि फळ्या, पत्र्याच्या नळकांड्यातून धूर. गाव मेलेल्यांमागून चालत होतं तेव्हा पॉडमोरने सलूनमधली तीन माणसं लावून घर बांधलं. आमच्या सुतळ्या गोळा करून दाराबाहेर टाकल्या होत्या.

तो दारात उभा राहून म्हणाला, "आता उपट."

गावचा कायदा सांभाळणाऱ्या मार्शल ओक्सला बोलावलं. मोठा, संथ माणूस, बोलण्याआधी मिशी ओढतो. म्हणाला, "सिस्टर, खांबाचं मी बघून न बघितल्यासारखं केलं. पण तो आता त्यात राहतो. राहत्या घराला मी हात लावू शकत नाही. इथलं कोर्ट वसंतात बसेल."

"वसंतात!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

२६ सप्टेंबर

बोळातला एक माणूस आज गेला. नॉर्वेचा होता. त्याच्याशी कुणालाच त्याच्या भाषेत बोलता येत नव्हतं. क्लॉटिल्ड त्याचा हात धरून बसली होती. सकाळी डबक्यांवर बर्फाची पापडी होती.

फादर म्हणाले, देवाची इच्छा. मी म्हटलं, दाराच्या फटीची.

मदरनी फक्त विचारलं, "त्या खोपटात चूल चांगली आहे का?"

"आहे. धूर सरळ जातो."

"हं," म्हणाल्या. "भिंती?"

"मातीने लिंपल्यात. आमच्या बोळापेक्षा ऊब असेल."

"हं."

का विचारत होत्या कोण जाणे. मी मात्र तेव्हापासून तेच घोळवतेय.

३० सप्टेंबर

आज जे केलं ते मी केलं. मदरना विचारलं नाही. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईने विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर? म्हणून विचारलं नाही.

पॉडमोर दुपारी सलूनमध्ये गेला तसं मी क्लॉटिल्डला म्हटलं, "उचल ते टोक." ती पांढरीफटक पडली. पण टोक उचललं. बोळातला पहिला माणूस गादीसकट घेऊन आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. प्रॉसर कुबडीवर पुढे, एका हातात बादली. "बाजूला व्हा, राजेसाहेबांची पालखी येतेय!" मागे पाळी सुटलेले दोन खाणकामगार, ते कुणाला भेटायला आले होते, त्यांनीही एकेक गादी उचलली.

खोपटाचं दार मी लाथेने उघडणार होते, पण ते उघडंच होतं. थिर्झाने चूल फुलवली होती. खाट भिंतीशी उभी करून ठेवलेली, टेबल बाहेर, जमीन झाडून लख्ख, चुलीवर पाण्याचं मोठं भांडं. नेमकी आजच तिने साफसफाई काढली होती! देवाचं नियोजन बघून मला भरून आलं.

"थिर्झा, आम्ही आत येतोय," मी म्हटलं.

"या की," ती म्हणाली. "डोक्याची बाजू चुलीकडे करा."

सहा माणसं आणली. बोळात खोकून खोकून जीव जात होता त्यांचा. इथे ऊब लागली तशी एकेक झोपी गेली.

पॉडमोर आला तेव्हा मी त्याच्या चुलीपाशी बसून त्याच्याच पातेल्यात जवाची पेज ढवळत होते. भिंतीवर आपटल्यासारखा तो दारातच थांबला.

"हे... हे काय? माझ्या घरात?"

"घर तुझं आहे ना? मग ये आत. ताबा घे. तो कोपऱ्यातला आहे ना, त्याला उलटी होतेय, जरा ते टोपलं धर."

त्याने पाऊल मागे घेतलं. हायरम पॉडमोर माणसांना भीत नाही, पण तापाला भितो. नाकावर रुमाल धरला. "थिर्झा! बाहेर ये. ताबडतोब."

ती एका माणसाचं तोंड पुसत होती. पुसत राहिली. "मी येत नाही, हायरम."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

तो आत आला, हात उगारून. मी उठले. माझ्या हातात धुणं ढवळायचा दांडा होता, तो मी पेज ढवळायला आणला नव्हता हे उघड आहे. मागून प्रॉसर म्हणाला, "तिने बर्फात गोठलेली घोंगडी एका हाताने पिळलेली मी बघितलीय, मित्रा. आपल्या मानेचा विचार कर."

तो गेला. जाताना म्हणाला, उद्या माणसं घेऊन येतो.

संध्याकाळी मदरसमोर गुडघे टेकून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चादरी नेल्यास का तिथे?"

"नेल्या."

"जास्तीच्या ने. थंडी वाढेल."

१ ऑक्टोबर

ते आले. भर दुपारी. दहाबारा जण, सलूनमधून सरळ, दोघांकडे बंदुका, पॉडमोर पुढे. गाव बघायला जमलं. मार्शल एका बाजूला मिशी ओढत. फादर मॅकगॉर्टी धापा टाकत आले आणि मला म्हणाले, "सिस्टर, देवासाठी, माणसं परत इस्पितळात न्या आणि हा विषय सोडा."

मी दारात दांडा घेऊन उभी होते. क्लॉटिल्ड माझ्या शेजारी. तिच्या हातात काही नव्हतं. आम्हाला दोघींना बाजूला सारायला त्यांना किती वेळ लागला असता?

तेवढ्यात इस्पितळाच्या मागच्या दारातून मदर आल्या. हातात स्वयंपाकघरातली खुर्ची. ती ओढत, मध्ये दोनदा थांबत, परस ओलांडून त्या आल्या, खुर्ची दारासमोर टेकवली आणि बसल्या. श्वास लागला होता. सगळे वाट बघत राहिले. मदर श्वास घेईपर्यंत बंदूकवालेही थांबले, हे विशेष.

मग त्यांनी एकेकाकडे बोट केलं. "तू. कावीळ. मार्चमध्ये. तू, मोडका खुबा. ए, मागे लपू नकोस, तू गोळी लागलेला, पार्श्वभागात. कुठून पळताना लागली ते मी तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारत नाही." कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि तू, लाल दाढी. नाव विसरले मी तुझं. पण गळू कुठे होतं ते आठवतं. सांगू सगळ्यांना?"

"नको, मदर," लाल दाढी म्हणाली आणि बंदूक खाली केली.

आता सगळेच हसत होते. हसणाऱ्या माणसांना घेऊन घर पाडता येत नाही, हे पॉडमोरच्या लक्षात आलं असावं. त्याने पिस्तूल काढलं आणि झाडलं. कुणावर नाही, नळकांड्यावर. पत्र्याला भोक पडलं. आतला एक रोगी किंचाळला.

मदर मागे वळूनही बघेनात. "झालं?" म्हणाल्या. "मग ते पिस्तूल ओक्सकडे दे आणि घरी जा. नाही, घर नाही तुला. मग जिथून आलास तिथे जा."

मार्शलने पुढे होऊन पिस्तूल काढून घेतलं. फादर त्या धांदलीत मदरच्या खुर्चीपुढे येऊन उभे राहिले होते, दोन्ही हात पसरून. बहुतेक घाबरून दिशा चुकली असावी.

सगळे गेल्यावर मदर उठल्या नाहीत. "थोडा वेळ बसते," म्हणाल्या. ऊन उतरलं, वारा सुटला, तरी बसूनच. शेवटी मी आणि थिर्झाने त्यांना खुर्चीसकट आत नेलं. किती हलक्या झाल्यात.

१९ ऑक्टोबर

लिहायला फुरसत नव्हती. तापाचा वॉर्ड उभा राहतोय! पॉडमोरच्या खोपटाला जोडून लांब केलाय, भिंती झाल्या, छपराचे वासे चढले. खाणीतली माणसं पाळी सुटली की येतात. लाल दाढीवाला खिळे ठोकतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. थिर्झा सगळ्यांना मांस आणि बटाटे भरलेल्या पेस्ट्या करून घालते. इथेच राहते, धुणंघरात झोपते. काम असं करते की मला माझी लाज वाटावी. पहार तर अशी सहज वापरते!

पॉडमोर डेन्व्हरला वकील करायला गेलाय म्हणतात.

मदर झोपून आहेत. डॉक्टर आला, छातीला कान लावला, मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "हे आजचं नाही. दीड वर्ष तरी झालं असेल. या उंचीवर यांनी राहायलाच नको होतं. तुम्हाला दिसलं नाही?"

जिन्यावरचे ते थांबे. मी मागे बादल्या घेऊन उभी.

मी आत गेले आणि म्हटलं, "सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला खाली पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटलं, या घरात हट्टी एकटी तूच आहेस?"

२ नोव्हेंबर, मृतांचा स्मरणदिन

बर्फ पडला. छप्पर पूर्ण झालेलं आहे. आतली माणसं कोरडी आहेत.

मदरनी आज मला जवळ बोलावलं. फादरही होते. मरणाऱ्याला देतात ते तैलाभ्यंग झालं होतं. मदर एकेक शब्द तोडून बोलत होत्या.

"मला चर्चच्या मागे नेऊ नका. इथे पुरा. परसात. वॉर्डाच्या भिंतीला लागून."

फादर दचकले. "मदर, ती जमीन आशीर्वादित नाही. शिवाय अजून वादातली आहे."

"म्हणून तर." त्या हसल्या, मग खोकल्या. मी त्यांना उठवून धरलं. "तो खांब उपटेल. भिंत पाडेल. पण म्हातारी नन उकरायला या गावात त्याला माणूस मिळायचा नाही."

फादर रडायला लागले. मी नाही रडले. मला इतका राग आला होता. देवावर, डोंगरावर, डॉक्टरवर. मदर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "लिहून काढ, पोरी."

लिहितेय. काही कमी होत नाही.

६ नोव्हेंबर

परवा पहाटे गेल्या.

जमीन दगडासारखी गोठली होती. काल तिच्यावर जाळ करून ती मऊ केली आणि आज खणायला घेतली. मी, थिर्झा, लाल दाढी, खाणीतली माणसं. खणणं हा त्यांचा धंदाच आहे. प्रॉसर कडेला बसून चुका काढत होता, आणि मधेच टोपी काढून परत घालत होता.

कमरेपर्यंत खणलं होतं तेव्हा पॉडमोर आला. वकिलाचा कागद घेऊन. मार्शल ओक्ससमोर नाचवला. "डेन्व्हरच्या कोर्टाचा हुकूम आहे. निकाल लागेपर्यंत इथे काही करायचं नाही. थांबव त्यांना."

मी थांबले नाही. फावड्यातली माती त्याच्या बुटांवर पडली असेल तर पडली असेल.

ओक्सने कागद घेतला. सावकाश वाचला. परत पहिल्यापासून वाचला. "यात 'बांधकाम' लिहिलंय," तो म्हणाला. "खोदकामाबद्दल काही नाही."

"मूर्खपणा करू नकोस, ओक्स!"

"तू उद्या दुसरा कागद आण. मग मी ही माणसं, हो, ही सगळी, यांना सांगेन की तिला बाहेर काढा. तू इथे उभा राहून बघशील ना?"

पॉडमोरने सभोवार बघितलं. खड्ड्याभोवती सगळी खाण उभी होती. मग त्याने थिर्झाकडे बघितलं. ती खड्ड्यात उभी, केसांना माती लागलेली.

"तू माझी बायको आहेस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि इथून हलणार नाही." आणि तिने फावडं पुन्हा मातीत घातलं.

फादर मॅकगॉर्टी आशीर्वादाचं पाणी घेऊन आले. बिशपना विचारायला वेळ नव्हता, म्हणाले. त्यांनी परसभर पाणी शिंपडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. तेवढी जागा लागत नव्हती.

मदरना उतरवलं तेव्हा मी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. क्लेरमध्ये बायका रडतात तशी.

८ डिसेंबर

वॉर्डात अकरा माणसं आहेत. गेल्या तीन आठवड्यांत एकही दगावला नाही. पॉडमोर पलीकडच्या घळीत नवी चांदी सापडली तिकडे गेल्याची बातमी आहे. तिथेही कुणाच्यातरी जागेत खांब पुरतोय म्हणे. थिर्झाला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उचलून कोळसे फुंकले आणि उशीचा पुढचा अभ्रा घेतला.

आज टपालगाडीने आमच्या संघाच्या मातृगृहाचं पत्र आणलं. मला धास्तीने वाचवेना, क्लॉटिल्डने मोठ्याने वाचून दाखवलं. तिथल्या प्रमुख मदर जनरल लिहितात की मदर वॉल्बर्गांनी आपल्यामागे सिस्टर पर्पेच्युआला प्रमुख नेमावं अशी विनंती केली होती. ऑगस्टमध्येच. ती त्यांनी मान्य केलीय. माझं नाव! मी धुणं करणारी.

पण पुढे लिहिलं होतं. दोन भगिनींनी एवढा भार वाहणं शक्य नाही, जागेचा प्रश्न सुटलेला नाही, हिवाळा कडक आहे. रोगी गावच्या स्वाधीन करावेत, इस्पितळ वसंतापर्यंत बंद करावं, आणि पहिल्या गाडीने दोघींनी परत यावं.

क्लॉटिल्डने कागदाची घडी घातली. वर कुणीतरी खोकत होतं.

आज्ञापालनाचं व्रत मी घेतलंय. गंमत म्हणून नाही घेतलं. सोळा वर्षं पाळतेय, जसं जमेल तसं. ते मोडायचं म्हणजे काय, मला पुरतं ठाऊक आहे. या वहीत लिहिल्याने ते हलकं होत नाही. आणि गावच्या स्वाधीन करायचं म्हणजे कुणाच्या? सलूनच्या?

मी म्हटलं, "क्लॉटिल्ड, लेखणी घे. लिही, मदर जनरल यांस, विनम्र प्रणाम. आपली आज्ञा मिळाली. आम्ही निघणारच होतो, पण बर्फाने खिंड बंद झाली आहे. गाड्या येत नाहीत. वाट उघडेपर्यंत नाइलाजाने इथेच राहून रोग्यांची सेवा करत आहोत. शक्य झाल्यास दोन भगिनी आणि लोकरी घोंगड्या पाठवाव्यात."

क्लॉटिल्ड लिहीत होती ती थांबली. "पण सिस्टर... मदर," ती म्हणाली. मला पहिल्यांदाच कुणी तसं म्हटलं. "गाडी तर सकाळीच आली. पत्र तिनेच आणलं. खाली उभी आहे, घोडे बदलतायत. आणि गाड्या येत नसतील तर भगिनी आणि घोंगड्या कशाने येतील?"

मी खिडकीकडे गेले. गाडी उभी होती. लाल चाकांची, चांगली मोठी. गाडीवान चाबूक झटकत होता.

"मला काही गाडी दिसत नाही," मी म्हटलं.

ती उठली. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, काचेवरचं धुकं बोटाने पुसलं आणि रस्त्याकडे नीट, बराच वेळ बघितलं.

"बर्फ फार आहे," क्लॉटिल्ड म्हणाली. "मलाही नाही दिसत."

मग तिने बसून पत्र पुरं केलं, आणि गाडी सुटायच्या आत ते गाडीवानाच्या हातात देऊन यायला धावत खाली गेली.